हिमोग्लोबिनच्या खालची ओळ

(एपिसोडचं लिखित रूप. ज्यांना कानात हेडफोन घालून झोप येते त्यांच्यासाठी.)

आज रक्ताबद्दल बोलायचंय. म्हणजे लढाईतल्या नाही हं, आपल्या इतिहासाच्या एपिसोड्समध्ये ते खूप सांडून झालंय. आज बोलायचंय ते इंजेक्शनच्या सुईतून छोट्या बाटलीत जाणाऱ्या रक्ताबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आत्ता या क्षणी एक पीडीएफ पडलेली असेल. कंपनीचं वार्षिक चेकअप, नाहीतर कुठल्या तरी ॲपवरचं 'फुल बॉडी' पॅकेज. सत्तर-ऐंशी टेस्ट, सोळा पानं. आपण काय करतो? स्क्रोल करतो, ठळक अक्षरात काय छापलंय ते बघतो, साखर आणि कोलेस्टेरॉल ठीक असलं की हुश्श करतो आणि बंद.

मीही तेच केलं होतं. फक्त रिपोर्ट माझा नव्हता, आईचा होता.

आमचं गाव औंधजवळ. पुण्यातलं औंध नव्हे. लॅबच्या ॲपमध्ये 'औंध' टाकलं की ते मला थेट पुण्याच्या पुलापाशी नेऊन सोडतं, हा माझा कायमचा वैताग आहे. आमचं औंध साताऱ्यातलं, खटाव तालुक्यातलं, डोंगरावरच्या यमाईचं. गेल्या वर्षी माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांचं चेकअप फुकट होतं, म्हणून तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये दोघांचं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. आईचं हिमोग्लोबिन ९.४. मी तिथल्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "बायकांचं कमीच असतं, लोहाच्या गोळ्या सुरू करू." मी अंगठा दाखवणारा इमोजी टाकला आणि स्टँडअप मीटिंगला गेलो.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.९. आई म्हणत होती, "काय न्हाय रं, वय झालं. पायाला जरा मुंग्या आल्यागत होतंय, तेवढंच." वय चोपन्न.

पुढचं नंतर सांगतो. आधी इतिहास, कारण तिच्या रिपोर्टमधल्या एका ओळीची गोष्ट मुंबईत परळला घडलेली आहे आणि ती आपल्यातल्या फार कमी जणांना माहीत आहे.

आता औंधचा माणूस आरोग्यावर बोलायला लागला की सूर्यनमस्कार येणारच, तर ते आधी उरकून घेऊ. औंध हे बहात्तर गावांचं छोटं संस्थान होतं. सलगसुद्धा नव्हतं. थोडे तुकडे आजच्या साताऱ्यात, आटपाडीसारखे थोडे आजच्या सांगलीत. किर्लोस्करवाडी वसली तीही याच संस्थानाच्या हद्दीत. राजे होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. संस्थानच्या शाळांमध्ये मुलामुलींना नमस्कार घालायला लावायचे, स्वतः रोज घालायचे. १९३८ साली लंडनहून त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक निघालं, तेही याच विषयावर. आमच्या आजोबांच्या पिढीसाठी आरोग्य म्हणजे हे: छाती रुंद, पाठ ताठ, चेहऱ्यावर तेज. बघून कळणारी गोष्ट.

मला त्या राजाबद्दल आदर आहे, आणि नमस्कार खरंच चांगले आहेत. पण त्याच वर्षांत, १९२८ मध्ये, मुंबईत एक बाई बोटीतून उतरली जी आरोग्य वेगळ्याच जागी शोधत होती. काचेच्या पट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात.

तिचं नाव ल्यूसी विल्स. जन्म १८८८, इंग्लंडचा. केंब्रिजला शिकली वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र, डॉक्टर झाली त्यानंतर, तिशी ओलांडल्यावर. (माझ्या ज्या मित्रांना मेकॅनिकल करून कोडिंगला आल्याचं दुःख आहे, त्यांनी नोंद घ्यावी.) इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मार्गारेट बालफोर नावाच्या डॉक्टरबाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. त्या वेळी बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी सुरू होती, आणि मुंबईत एक प्रकार सारखा दिसत होता. गरोदर बाई, दिवस भरत आलेले, आणि रक्त इतकं कमी की चेहरा पांढराफटक, अंगावर सूज, धाप. काही जणी बाळंतपणाआधी जात, काही नंतर. आजाराला नावसुद्धा उसनं होतं: 'गरोदरपणातला पर्निशिअस ॲनिमिया'. पर्निशिअस म्हणजे घातक.

विल्सचं काम चालायचं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. जुनं गव्हर्नमेंट हाऊस, जिथे पूर्वी गव्हर्नर राहायचे ती इमारत. आजूबाजूला गिरण्यांची धुराडी. आमच्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं पोट भरायला मुंबईच्या गिरण्यांत जायची ती याच भागात. गिरणगावातली बारक्या खोलीतली बिऱ्हाडं, तिथलं खाणं, तिथली बाळंतपणं ही आमच्याकडे घराघरातली गोष्ट आहे.

विल्सने आधी जंतू शोधला. त्या काळात प्रत्येक आजाराला जंतू असायचा, प्लेग होऊन गेला होता, मलेरियाचा डास सापडला होता. इथे जंतू सापडेना. मग ती बायकांच्या ताटाकडे वळली. कोण काय खातं, किती खातं, घर कसं आहे, अशी पाहणीच केली. त्या काळातल्या तिच्या निबंधांवर सहकारी म्हणून मेहता आणि तळपदे ही आपल्याकडची आडनावं दिसतात. दिसलं ते असं: जिच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाही, तिला हा आजार जास्त. गरीब मुसलमान बायकांचं खाणं सगळ्यात अपुरं होतं आणि सगळ्यात जास्त आजारी त्याच पडत होत्या. चांगल्या खात्यापित्या घरातल्या बायकांमध्ये तो फारसा नव्हता.

इथे जरा थांबून आईच्या रिपोर्टकडे या. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींमधलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. ते मोजायची सोपी पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहली या स्विस डॉक्टरने रुळवली: रक्तात ॲसिड घालायचं, तपकिरी रंग येतो, मग पाणी घालत घालत तो शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षानुवर्षं हेच चालायचं. डोळ्याने रंग जुळवायचा! आणि १२ च्या खाली म्हणजे बाईला ॲनिमिया, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६८ च्या अहवालातून रूढ झाला. पुरुषाला १३, गरोदर बाईला ११. याच मापाने २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या.

पण हिमोग्लोबिनचा आकडा एवढंच सांगतो की कमी आहे. का कमी आहे ते सांगत नाही. सर्व्हर डाऊन आहे हे कळलं, पण लॉग कुणी वाचले?

लॉग म्हणजे त्याच्या खालच्या ओळी. विल्स मुंबईत होती त्याच सुमारास अमेरिकेत मॅक्सवेल विंट्रोब नावाचा तरुण डॉक्टर एका बारीक काचेच्या नळीत रक्त गरगर फिरवत होता. फिरवलं की पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. शंभर भागांत पेशी किती, ते झालं पीसीव्ही. त्याला पेशींच्या संख्येने भागलं की एका पेशीचं सरासरी आकारमान निघतं. तेच एमसीव्ही. आईच्या रिपोर्टवर पीसीव्ही होतं २८.६ आणि लाल पेशी २.६५. २८.६ ला दहाने गुणा, २.६५ ने भागा: १०७.९. एकक फेमटोलिटर, म्हणजे एका लिटरला एकावर पंधरा शून्यं या संख्येने भागायचं. नॉर्मल साधारण ८० ते १००.

म्हणजे आईच्या लाल पेशी कमी होत्या, पण मोठ्या होत्या. आणि लोह कमी असताना पेशी मोठ्या होत नाहीत, बारक्या होतात.

हे मला समजलं ते भाकरीवरून. लोह कमी म्हणजे पीठच कमी, त्यामुळे बारक्या-बारक्या, फिकट भाकऱ्या. दुसरा प्रकार असा की पीठ भरपूर मळलंय, पण गोळे तोडायला हात नाहीत. मग काय होणार? थोडेच गोळे, पण अवाढव्य. पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या कामाला दोन जीवनसत्त्वं लागतात. ती नसली की पेशी वाढत राहते, विभागत नाही. विल्सला मुंबईच्या बायकांच्या रक्तात मायक्रोस्कोपखाली दिसत होत्या त्या याच. तेव्हा त्या दोन जीवनसत्त्वांना नावं नव्हती. ती आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा एक इलाज नवा-नवा गाजत होता. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की घातक ॲनिमियाच्या रोग्यांना भरपूर यकृत खायला घातलं की ते बरे होतात. पुढे १९३४ मध्ये त्यावर नोबेलही मिळालं. पण यकृताचा अर्क महाग. मुंबईतल्या गरीब बाईला तो कोण देणार?

विल्स काही महिने निलगिरीत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेली आणि उंदरांना मुंबईच्या बायकांसारखं खाणं घालून बघितलं. उंदीर ॲनिमिक झाले. पण पुढे लक्षात आलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूनेही त्यांना ॲनिमिया होतो. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्येच बग! कुठल्याही डेव्हलपरला इथे तिच्याबद्दल जिव्हाळा वाटेल. मग तिने माकडांवर काम केलं. वेगवेगळे पदार्थ देऊन बघता बघता एका माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा, इंग्रज लोक पावाला लावून खातात. स्वस्तातली चीज. माकड सुधारलं.

मग तिने तो गरोदर बायकांना दिला. त्याही सुधारल्या. नुसतं बरं वाटायला लागलं असं नव्हे, रक्तात दिसलं. नव्याने तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी वेगळ्या रंगवता येतात, त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. उपचार लागू पडला की काही दिवसांतच त्यांची संख्या उसळी मारते. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा निबंध आला. मार्माइटमध्ये आणि कच्च्या यकृतात असं काहीतरी आहे जे शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्कात नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं. ते 'काहीतरी' काय, हे नाही. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायला लागले.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला काही संशोधकांनी चार टन पालक गाळून तो पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव फोलिक ॲसिड. १९४५ पर्यंत तो प्रयोगशाळेत बनवता यायला लागला, आणि तो बनवणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख होता भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. हा माणूस स्वतंत्र एपिसोडचा विषय आहे. रक्तातला फॉस्फरस मोजायची त्याची आणि फिस्के यांची १९२५ ची पद्धत जगभरच्या लॅबमध्ये वापरली गेली. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिड असतं, त्याची सुरुवात परळच्या त्या इमारतीत आहे.

आणि इथेच आईच्या गोष्टीतला गुंता आहे.

मघाशी मी दोन जीवनसत्त्वं म्हणालो. दुसरं आहे बी-१२. ते सापडलं १९४८ मध्ये. हे झाडापाल्यात नसतं. मांस, मासे, अंडी, दूध, एवढ्यातच. फोलिक ॲसिड नवं आलं तेव्हा ते सगळ्याच मोठ्या पेशींच्या ॲनिमियावर देऊन बघितलं गेलं, आणि एक भयंकर गोष्ट लक्षात आली. ज्यांना खरं तर बी-१२ कमी होतं त्यांचंही रक्त सुधारायचं, पण मज्जातंतू बिघडतच जायचे. हातापायांना मुंग्या, मग बधिरपणा, मग चालताना तोल जाणं. रक्ताचा आकडा वर चाललाय म्हणून सगळे खुश, आणि आत वायरिंग जळतंय.

आता सांगा, आईला तीन महिने जी गोळी चालू होती तिच्यात काय होतं? लोह आणि फोलिक ॲसिड. ९.४ चं ९.९. आणि पायाला मुंग्या.

दोन्ही रिपोर्टवर एमसीव्हीसमोर मोठा 'एच' छापलेला होता. हाय. दोन्ही माझ्या फोनमध्ये होते. मी तो 'एच' बघितलाही होता, आणि सोडून दिला होता. त्यालाही कारण आहे, आणि ते कारण अर्धवट शहाणपणाचं आहे म्हणून सांगतो. रिपोर्टवरची ती 'नॉर्मल रेंज' बहुतेक टेस्टमध्ये काढतात कशी? बऱ्याच निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा धरायचा. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच पट्ट्याबाहेर जाणारच, व्याख्येनेच. आता वीस वेगवेगळ्या टेस्ट केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर निरोगी माणसाची निदान एक टेस्ट बाहेर जायची शक्यता ६४ टक्के. कॅल्क्युलेटरवर ०.९५ चा विसावा घात करून बघा. हे गणित मला येत होतं, म्हणून मी सगळ्याच 'एच' आणि 'एल'कडे 'आवाज आहे, सिग्नल नाही' अशा नजरेने बघायचो. पण पट्ट्याच्या काठावर असणं वेगळं आणि हिमोग्लोबिन पडलेलं असताना १०८ असणं वेगळं. दोन ओळी एकमेकींशी बोलत होत्या. मी एकेक सुटी वाचत होतो.

गंमत म्हणजे आज ती ओळ मिळवायला काहीच कष्ट नाहीत. विल्सच्या काळात मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून चौकटीतल्या पेशी एकेक करून मोजायच्या. हे काम यंत्रावर आणलं वॉलेस कोल्टर या अमेरिकन इंजिनिअरने. डॉक्टर नाही, इंजिनिअर! सिगारेटच्या पाकिटाच्या सेलोफेनला गरम सुईने बारीक भोक पाडून त्याने प्रयोग केला. भोकाच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी, त्यातून वीज चालू. एक पेशी भोकातून गेली की विजेला क्षणभर अडथळा येतो, एक ठोका पडतो. ठोके मोजा, पेशी मोजल्या. ठोका जितका मोठा तितकी पेशी मोठी. १९५३ चं पेटंट. तालुक्याच्या लॅबमधलं टेबलावरचं मशीन आजही बहुतेक वेळा याच तत्त्वावर चालतं, आणि काही मिनिटांच्या आत हजारो पेशींचा आकार काढून देतं. तुमचं रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या बाटलीत घेतात ना, ती याच्यासाठी. आत ईडीटीए असतं, रक्त गोठू देत नाही. राखाडी झाकणाची बाटली साखरेसाठी. तिच्यात फ्लोराइड असतं, कारण बाटलीतल्या जिवंत पेशी साखर खात राहतात आणि बाटली तासन् तास तशीच पडली तर आकडा खोटाच कमी येतो. गावाकडून तालुक्याला मोटरसायकलवर जाणाऱ्या बाटल्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

साखरेवरून आठवलं. आईचं एचबीएवनसी ६.२ आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिने चहातली साखर सोडली, आमच्याकडे त्यावरून आठवडाभर वातावरण तंग होतं. पण उपाशीपोटीची साखर ९२, एकदम ठीक. हे कसं? एचबीएवनसीचं महत्त्व लक्षात आणून दिलं तेहरानच्या सॅम्युअल राहबार यांनी, १९६८ च्या सुमारास. साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ती टेस्ट दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण नव्या पेशी तयारच होत नसतील तर रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि म्हाताऱ्या पेशींवर साखर जास्त चिकटलेली असते. लोह किंवा बी-१२ कमी असलं की हा आकडा खोटाच थोडा वर जाऊ शकतो. तीही ओळ एमसीव्हीशीच बोलत होती.

आता शेवटचा टप्पा, आणि तो पुण्याजवळचा आहे. १९९३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. डॉ. याज्ञिक तुम्हाला दुसऱ्या एका गोष्टीने माहीत असतील. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघेही बारीक. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बघून कळणाऱ्या आरोग्याचा तो शेवटच म्हणायचा. आमच्या राजेसाहेबांनी तो फोटो बघायला हवा होता.

तर त्या सहा गावांत सुमारे सातशे गरोदर बायकांचं रक्त तपासलं. शेतात राबणाऱ्या, भाजी-भाकरी खाणाऱ्या बायका. २००८ मध्ये निकाल छापून आले. फोलेट कमी असलेली बाई किती? एक. सातशेत एक! आणि बी-१२ कमी असलेल्या? दोन-तृतीयांश. विल्सच्या मुंबईत भाजीपाला नव्हता. इथे भाजी होती, गोळ्या होत्या, पण बी-१२ नव्हतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर ज्यांच्या आईला गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्या मुलांमध्ये इन्शुलिन नीट न लागू पडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. म्हणजे मधुमेहाकडे जाणारी वाट आईच्या ताटापासूनच. विल्सने शोधलेलं औषध चूक नव्हतं. फक्त दोन जीवनसत्त्वांपैकी एकाचीच गोळी सगळीकडे पोचली, दुसऱ्याची नाही.

बी-१२ का नव्हतं, हे मला कुठल्या निबंधात वाचायची गरज पडली नाही. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं, कारण त्याचे दहा दिवसांनी पैसे येतात. घरात उरतं ते चहापुरतं. आई माळकरी, अंडं-मटण घरात येत नाही. एकादशी, गुरुवार, चतुर्थी, नवरात्र हे उपास वेगळे. ताक होतं तेव्हा वडिलांना आणि मी गेलो की मला. ती शेवटी बसते आणि म्हणते, "माझं झालंय."

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ती अंधारात उंबरा ओलांडताना अडखळली, तेव्हा मी घाबरलो. पुण्याला आणलं. एका तरुण डॉक्टरबाईंनी जुने दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले, पाच-सहा सेकंद बघितले, आणि विचारलं, "आई, अंघोळ करताना डोळे मिटले की तोल जातो का?" आई म्हणाली, "तुमाला कसं कळलं?" बी-१२ तपासलं: ११२. बहुतेक लॅबमध्ये २०० च्या आसपासपासून पुढे नॉर्मल धरतात. इंजेक्शनं सुरू झाली. महाग असतील असं वाटलं होतं. लोहाच्या टॉनिकवर जेवढे घालवले होते त्याच्या निम्म्यात काम झालं.

डॉक्टरबाईंनी आठवड्याने एकच टेस्ट पुन्हा सांगितली, रेटिक्युलोसाइट. आकडा भरपूर वर गेला होता. तोच उसळी मारणारा आकडा, जो विल्स मार्माइट दिल्यावर बघत होती. मला लॅबच्या त्या कळकट बाकड्यावर बसून उगाच भरून आलं.

इथे एक इशारा देतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. मी डॉक्टर नाही. एमसीव्ही वाढण्याची थायरॉइड, यकृत, दारू, काही औषधं अशी बाकी कारणंही असतात. आणि लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलं तर बारक्या आणि मोठ्या पेशींची सरासरी मिळून एमसीव्ही साळसूदपणे नॉर्मल येऊ शकतं. सरासरी काय काय लपवते ते तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा त्याच्या जवळपास आरडीडब्ल्यू नावाची ओळ असते, ती पेशींच्या आकारातला फरक किती ते सांगते. ती वाढलेली दिसली तर डॉक्टरांना विचारा. स्वतः इंजेक्शन घेऊ नका.

तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही ९२, एचबीएवनसी ५.६. चहात साखर परत आली. हाताच्या मुंग्या गेल्या. डाव्या पायाच्या बोटांचा बधिरपणा अजून आहे, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की तो थोडा राहू शकतो, उशीर झाला. त्या उशिरातले तीन-चार महिने माझ्या फोनमध्ये पीडीएफ म्हणून पडून होते.

रोज एक पेला दूध ती आता घरात ठेवते. डेअरीवाल्याने विचारलं, दूध कमी का आलं, तर म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय." आणि परवा रात्री मला एक फोटो आला, शेजारच्या काकूंच्या रिपोर्टचा, आडवा धरून काढलेला, अर्धा अंधारात. खाली आईचा व्हॉइस मेसेज: "हिचं बी बघ रं जरा. ती हिमोग्लोबिनच्या खालची ओळ."